अफिलिएट नेमण्याआधी : देवगडच्या मित्रास पत्र

डोंबिवली
संक्रांतीच्या आधीचा रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन झाल्यापासून चार दिवस तोच विषय डोक्यात घोळतोय. यंदा हापूसच्या निम्म्या पेट्या वाशी मार्केटला न पाठवता थेट घरोघरी विकायच्या आणि त्यासाठी अफिलिएट प्रोग्रॅम काढायचा, म्हणजे जो शिफारस करून गिऱ्हाईक आणेल त्याला विक्रीवर कमिशन द्यायचं, हे तुझं ठरलेलं दिसलं. लगेच तू विचारलंस, "कमिशन किती ठेवू, आठ की पंधरा?" मी तेव्हा उत्तर टाळलं, कारण माझ्या मते त्याच्या आधी दुसराच प्रश्न येतो. तुझ्या आंब्याची शिफारस करणाऱ्याने आणलेलं गिऱ्हाईक तू मोजणार कसं?

मी नऊ वर्षं या व्यवहाराच्या पलीकडच्या बाजूला आहे. तवे, मिक्सर, शेगड्या घरी वापरून बघायच्या, चॅनलवर खरं काय ते मराठीत सांगायचं आणि खाली लिंक द्यायची, हे माझं काम. एका भांडी बनवणाऱ्या कंपनीने मला 12 टक्के कबूल केले होते. तिच्या बिडाच्या भांड्यांवर मी अकरा व्हिडिओ केले. ऐन दिवाळीच्या तोंडावर एका ओळीचा मेल आला : आजपासून 4 टक्के. व्हिडिओ लोकांपर्यंत पोचलेले होते, माझा शब्द देऊन झाला होता, तो परत घेता येत नव्हता. पैशापेक्षा तेच मला जास्त लागलं. त्या दिवसापासून त्या कंपनीचं नाव मी घेतलेलं नाही. तुझ्यासाठी काम करणाऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

मोठ्या कंपन्या हे करतात. अमेझॉनने 1996 मध्ये असोसिएट्स नावाचा आपला अफिलिएट प्रोग्रॅम सुरू केला, आणि एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेत फर्निचरचं कमिशन 8 वरून 3 टक्क्यांवर, किराण्याचं 5 वरून 1 टक्क्यावर आणलं, तेही आठवड्याभराच्या सूचनेवर. त्यांच्याकडे लोक शिफारशीवाचूनही जातात. तुझ्याकडे पहिली दोन-तीन वर्षं तरी कुणीतरी सांगितल्याशिवाय कोणी येणार नाही. म्हणून कागदावर लिहून दे : कमिशन वाढवायचं तर मोसमात कधीही, कमी करायचं तर पुढच्या मोसमापासून.

आता मोजणीचं. लिंकवर क्लिक झालं की ब्राउझरमध्ये खूण राहते आणि ठरलेल्या मुदतीत खरेदी झाली तर ती त्या अफिलिएटच्या नावावर पडते. अमेझॉनची ही मुदत साधारण 24 तासांची. तव्याला ती एक वेळ पुरेल, आंब्याला पुरणार नाही. माणूस फेब्रुवारीत व्हिडिओ बघतो, घरी विचारतो, पाडव्याला भाव बघतो आणि अक्षय्य तृतीयेला पेटी मागवतो. तेव्हा मुदत अख्ख्या मोसमाची ठेव. दुसरं, तुझी निम्मी गिऱ्हाइकं वेबसाइटवर पैसे भरणारच नाहीत. लिंक बघतील, नंबर शोधतील आणि वहिनींना फोन लावतील. तिथे लिंक काही कामाची नाही आणि शिफारस करणाऱ्याची कमाई गुपचूप बुडते. यावर उपाय म्हणजे प्रत्येकाला त्याचा सोपा कोड दे, तो सांगितला की गिऱ्हाइकाला 100 रुपये सूट. वहिनींच्या ऑर्डरच्या वहीत "कुणी सांगितलं?" असा रकाना आखून घे आणि तो प्रत्येक फोनला विचारून भरायचाच. लिंक एकाची आणि कोड दुसऱ्याचा असं झालं तर कोड धरायचा, हेही आधीच जाहीर कर. भांडणं इथेच होतात.

मग टक्क्यांकडे ये. समज, पाच डझनांची पेटी 4,000 ला. त्यातून खोका, पेंढा, कुरिअर आणि खराब फळांची भरपाई वजा कर. उरतं त्यातून किमतीच्या 8 टक्के, म्हणजे पेटीमागे 320 रुपये, तुला झेपतील असं मला वाटतं. मार्चमधला माल थोडा आणि महाग, तो आपसूक जातो. खरी गरज एप्रिलअखेर ते मे, जेव्हा सगळ्या बागा एकदम निघतात. त्या पंधरवड्यांसाठी 12 टक्के ठेव आणि हे आत्ताच सांगून टाक, म्हणजे लोक त्या हिशोबाने व्हिडिओ आखतील.

पैसे दर महिन्याच्या 10 तारखेला, यूपीआयने. बऱ्याच कंपन्या माल परत येण्याच्या भीतीने दोन-दोन महिने रक्कम अडकवून ठेवतात. आंब्याची तक्रार आठवड्याभरात येते, तुला तसं करायचं कारण नाही. किमान हजार जमल्याशिवाय देणार नाही असली अटही नको. तीन पेट्या खपवणाऱ्या काकूंना त्यांचे 960 रुपये वेळेवर मिळाले की पुढच्या वर्षी त्या तीस खपवतील. टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायच्या कराचं, मात्र तुझ्या सीएला विचार : तुला तो कापणं लागू असेल तर वर्षाला 20,000 च्या वरच्या कमिशनवर 2 टक्के कापावे लागतात. कुणाकडून पॅन घ्यायचा ते आधी ठरवून ठेव.

काकू म्हणालो ते मनापासून. लाखो फॉलोअर असलेल्यांच्या मागे लागू नकोस. एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जिच्या शब्दाला किंमत आहे अशी बाई, इंदूर-बडोद्याच्या महाराष्ट्र मंडळातला एखादा उत्साही माणूस, घरगुती पदार्थांचं छोटं चॅनल चालवणारी मुलगी, अशी पंचवीस माणसं पुरे. प्रत्येकाला आधी एक पेटी खायला पाठव. न खाता केलेली शिफारस ऐकणाऱ्याला कळते.

आणि त्यांना एकटं सोडू नकोस. लोक त्यांना विचारणार, "हा देवगडचाच कशावरून? कर्नाटकातला नाही ना?" हापूसला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तुझी नोंदणी झालेली असेल तर तो कागद त्यांच्या हातात दे. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट फळ उतरवतानाचा, अढी घालतानाचा (पेंढ्यात पिकायला ठेवतानाचा) व्हिडिओ फोनवरच काढ, भपकेबाज नको. फळाचं वजन, पिकायला लागणारे दिवस, सगळं एका पानावर लिहून दे. साक्याबद्दलही, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो त्याबद्दल, स्वतःहून सांग : बाहेरून ओळखू येत नाही, निघाला तर फोटो पाठवा, फळ बदलून मिळेल. बदली फळ दिलंस म्हणून शिफारस करणाऱ्याचं कमिशन कापू नकोस. त्याने त्याचं काम केलंय. अवकाळी पाऊस पडला आणि माल पंधरा दिवस लांबला, तर ती बातमी गिऱ्हाइकाच्या आधी त्यांना कळली पाहिजे. शेजारणीला तोंड त्यांना दाखवायचं असतं.

दोन गोष्टींवर अडून राहा. "यातून मला कमिशन मिळतं" हे प्रत्येकाने उघड सांगायचं, आणि शिफारस मराठीत असेल तर मराठीतच. जानेवारी 2023 पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनाच आहेत तशा, आणि माझ्या अनुभवात सांगितल्याने विक्री घटत नाही. दुसरं, "खाली आणखी माणसं जोडा" असली साखळी कुणी सुचवली तर फोन ठेवून दे.

अटींचं पान लिहून झालं की मला पाठव. मी ते अफिलिएटच्या नजरेने वाचून खुणा करून देतो. ऑर्डरच्या वहीचा तो रकाना मात्र वहिनींना आजच आखायला सांग. आणि यंदा मोहोर कसा आहे? तुडतुडा पडलाय का? अण्णांच्या गुडघ्याचं काय झालं, तेही कळव.

तुझाच