छोटूला गोडाऊनवर पाठवायच्या आधी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणालो, ते खरं नव्हतं. गेल्या गुरुवारी आमच्या विल्होळीच्या गोडाऊनमध्ये, रोज माझ्या शेजारी पॅकिंगला असणाऱ्या पोराचा पाय माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टच्या मागच्या चाकाखाली आला. सेफ्टी शूजची पुढची लोखंडी टोपी शाबूत राहिली, तिच्यामागचा पाय चेंगरला. बूट कापूनच काढावा लागला. तो "घरी सांगू नका" एवढंच म्हणत होता.

बाबा, ट्रॅक्टरची पुढची चाकं वळतात, फोर्कलिफ्टची मागची. गाडी डावीकडे वळली की तिचा मागचा भाग झपकन उजवीकडे येतो, आणि तीन टन उचलणारी गाडी रिकामीसुद्धा चार टनांच्या वर भरते. त्या दिवशी ट्रक लवकर भरायचे म्हणून माणसांच्या वाटेवरच पॅलेट रचले होते. पोराला चालायला जागाच नव्हती. तरी सुपरवायझर म्हणतो, "त्याचं लक्ष नव्हतं." मला फार राग आला, अजून गेलेला नाही.

बांधावर ट्रॅक्टर कलला तेव्हा तुम्ही उडी मारून वाचलात. इथं उडी मारली तर वरचं छप्परच अंगावर येतं. पट्टा लावलेला हवा, स्टिअरिंग घट्ट धरून गाडी पडते त्याच्या उलट बाजूला कलायचं. मला हे दोन वर्षांनी एका जुन्या ड्रायव्हरनं सांगितलं, कंपनीनं नाही.

आता छोटूचं. ठेकेदार त्याला अंबडला लगेच घेतो म्हणतोय, पण ईएसआयचा, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा, नंबर "नंतर काढू" म्हणतो. त्या पोरालाही असंच सांगितलं होतं. दवाखान्याचं बिल त्याच्या भावानं उसने पैसे घेऊन भरलं. ईएसआयला कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापतात, 16,000 वर 120 रुपये. कामावर जखम होऊन घरी बसावं लागलं तर पगाराच्या सुमारे 90 टक्के मिळतात, सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलात उपचारही होतात.

आई, त्याला फोर्कलिफ्टवर बसायची फार हौस आहे, माहीत आहे मला. शिकू दे, पण रीतसर. नुसतं "चल, बस, चालव" असं नको.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतोय. ईएसआयचा नंबर हातात पडेपर्यंत ठेकेदाराला हो म्हणू नका. छोटूच्या मापाचे शूज, आठ नंबर, घेऊन ठेवलेत.

तुमचा,
थोरला