श्रेणी छापली, तक्ता कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आपण मनपा शाळांची श्रेणीवार यादी छापलीत. शाळेचे नाव आणि त्यापुढे एक अक्षर, बस. ज्या शाळेपुढे तळाचे अक्षर आले तिथल्या पालकांनी त्यातून काय समजायचे, याबद्दल एक ओळ नाही. मथळ्यात मात्र मुलांचे भवितव्य अंधारात गेले आहे. ज्या घरांत आपला पेपर वाचून मुलाची शाळा बदलण्याचे ठरते, त्या घरांचा तरी विचार व्हायला हवा होता.

ही श्रेणी शाळासिद्धीची, म्हणजे शाळांच्या गुणवत्तेच्या सरकारी मूल्यमापनाची. त्यात सात क्षेत्रे आणि ४६ मानके आहेत. त्यांतली १२ मानके एकट्या पहिल्या क्षेत्रात, म्हणजे सुविधांत: आवार, मैदान, वर्गखोल्या, वीज, ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक, रॅम्प, पोषण आहाराचे स्वयंपाकघर, पिण्याचे पाणी, हात धुण्याची जागा, स्वच्छतागृह. या बाराही बाबी दोनदा तपासतात. एकदा आहे का आणि पुरेसे आहे का, आणि पुन्हा एकदा वापरण्याजोगे आहे का. मुलांच्या प्रगतीच्या क्षेत्रात मानके फक्त ५, त्यातही एक उपस्थितीचे. नागपुरातल्या महाल-इतवारीच्या दाट वस्तीत जुन्या इमारतीत भरणाऱ्या शाळेला मैदान कुठून आणणार? तिथे तिसरीचा वर्ग घडाघडा वाचत असला तरी सुविधांच्या रकान्यांत ती स्तर १ वर, म्हणजे तळालाच राहते. उलट ऐसपैस आवार, नवे नळ, रंगवलेल्या भिंती असलेल्या शाळेत पाचवीची मुले जोडाक्षराशी अडखळत असतील, तरी एकूण श्रेणीत ते झाकले जाते.

शिवाय हे आकडे आधी शाळा स्वतः भरते. ते स्वयंमूल्यमापन, बाह्य मूल्यमापन त्यानंतरचे. जो मुख्याध्यापक प्रामाणिकपणे स्तर १ लिहितो त्याची शाळा खाली दिसते आणि सैल हाताने भरणाऱ्याची वर. आपल्या यादीतली श्रेणी या दोहोंपैकी कशाची, हे बातमीत कुठेच नाही. राज्यात आता शाळा गुणवत्ता मूल्यांकनाचा नवा आराखडा आला आहे, पण त्याचीही सुरुवात स्वयंमूल्यमापनानेच होते.

बातमीच्या शेवटी राष्ट्रीय सर्वेक्षणातले जिल्ह्याचे आकडे जोडले आहेत. ४ डिसेंबर २०२४ ला झालेले ते सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीचे होते, तेही निवडलेल्या नमुना शाळांत. त्यावरून जिल्ह्याबद्दल बोलता येते. कोपऱ्यावरच्या शाळेबद्दल त्यातून काहीही सिद्ध होत नाही, आणि ते त्या यादीखाली छापणे सरळसरळ चूक आहे.

पालकांनी करायचे ते असे. शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, मागून घ्या. नागपूर जिल्ह्याचा २७०९ ने सुरू होतो. मुख्याध्यापकांकडे पूर्ण अहवाल मागा आणि एकूण श्रेणी सोडून दुसरे व तिसरे क्षेत्र, म्हणजे अध्ययन-अध्यापन आणि मुलांची प्रगती, एवढे आधी वाचा. मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवा. टक्केवारी दिसली की वर्गात मुले किती हे विचारा. ११ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ९ टक्के. हिंदी माध्यमातून मराठीत नुकतीच आलेली तीन मुले मागे असली की २७ टक्के गेले, आणि त्यात शिक्षकाचा दोष काहीच नाही. मग मंजूर पदे किती, कार्यरत किती, आणि त्यांतले किती जण मतदार यादीच्या कामाला बाहेर असतात, हे विचारा. पुष्कळदा खरे उत्तर इथेच मिळते.

मुलाची पातळी घरीच कळते, दहा मिनिटांत. दुसरीच्या बालभारतीतला न शिकवलेला धडा उघडा. शिकवलेला नको, तो पाठ असतो आणि मूल पानाकडे न बघता म्हणते. 'सूर्य', 'चक्र', 'पुस्तकातल्या' असे शब्द येऊ द्या. पहिले अक्षर बघून पुढचे अंदाजाने म्हणत असेल तर रफार, रकार आणि जोडाक्षरे कच्ची आहेत. मग ४१ वजा १७ करायला द्या. उत्तर ३६ आले तर मूल हातचा घेत नाही, मोठ्या अंकातून लहान अंक काढते आहे. तिसरी-चौथीत ही चूक राहिली तर पुढे भागाकार जमत नाही. हे दोन कागद घेऊन वर्गशिक्षकांकडे जा, आणि तेच शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, शाळा विकास आराखडा त्यांनीच करायचा असतो, आणि इतिवृत्तात नोंद झाली की शाळेला उत्तर टाळणे अवघड जाते.

दाखला काढण्याची घाई मात्र करू नका. दाखला मागितला तर शाळा अडवू शकत नाही, तो कायद्याने हक्कच आहे. पण ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक हे ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ पासून तीन. ६३ च्या शाळेतून बातमी वाचून चौघे गेले की पट ५९. पुढच्या वर्षी पाच वर्गांना दोन शिक्षक, आणि राहिलेल्या मुलांचे नुकसान कायमचे. जी मुले राहतात त्यांचे पालक बहुतेक धुणीभांडी, बांधकाम, रिक्षा यांवर पोट भरणारे असतात. त्यांना दुसरी शाळा परवडत नाही म्हणून ती राहतात. काल छापलेल्या त्या एका अक्षराचा भार त्यांच्यावर पडणार आहे, आणि राग त्याचाच आहे.

आणखी एक. पायाभूत चाचणीच्या, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला मुलांची पातळी बघणाऱ्या परीक्षेच्या निकालात विदर्भ मागे, असे आपण अधूनमधून छापता. इथे उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, चाचणी मात्र राज्यभर एकाच वेळी होते. नागपूरच्या पेपरने तरी एवढे लिहावे.

कालच्या यादीतील प्रत्येक शाळेचा क्षेत्रनिहाय तक्ता त्याच पानावर, तेवढ्याच जागेत छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर