मुलांना आधी गोष्टीची गोडी लागू द्या

संपादक महोदय,

सुट्टी लागली की पालक आमच्या गावच्या वाचनालयात येतात आणि म्हणतात, "मॅडम, संस्कार होतील असं पुस्तक द्या." मूल शेजारीच उभं असतं, पण त्याला कुणीच विचारत नाही.

चौथी ते सातवीच्या मुलांना रहस्य हवं असतं, धावपळ हवी असते आणि आपल्याच वयाचा नायक हवा असतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मूळचा फुरसुंगीचा. सायकलवर टांग मारतो, संकटात सापडतो, 'ट्टॉक' करतो आणि सुटतो. आमच्याकडे त्याच्या पुस्तकांच्या शिवणी उसवल्या आहेत. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडेही कपाटात टिकत नाही. थोरांची जाड चरित्रं मात्र कोरी करकरीत!

मी मुलांना पुस्तक हातात देऊन पहिलं पान उभ्याउभ्या वाचायला सांगते. पान आपणहून उलटलं, तर ते पुस्तक त्यांचं. नाही उलटलं, तर दुसरं. आईवडिलांनी मधे बोलायचं नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या लेकरांच्या दप्तरातही मी हीच पुस्तकं घालते. कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, कुणी अभ्यास घेणारं नसतं, पण चांगली गोष्ट एकट्यानंही वाचून होते.

एक खंत आहे. या गोष्टींत आमचा गोदाकाठ, बालाघाटाचे डोंगर क्वचितच येतात. आपल्या रविवार पुरवणीत मराठवाड्यातल्या लेखकांकडून मुलांसाठी क्रमशः साहसकथा लिहून घ्याव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक ग्रंथपाल, ता. गेवराई, जि. बीड