निशिगंधाचा एक कंद एकदाच फुलतो

माननीय संपादक,

निशिगंध एकदा लावला की वर्षानुवर्षं बघायला नको, असा सल्ला आपल्या बागकामाच्या सदरात वाचला. या सल्ल्यापायी कितीतरी कुंड्यांत नुसती गवतासारखी पानं माजतात आणि लोक चांगलं झाड फेकून देतात, याचं वाईट वाटतं.

निशिगंध बहुवर्षायू खरा, पण फुलाचा दांडा कंदाच्या ऐन गाभ्यातून निघतो. तो फुलून गेला की त्या कंदाचं काम संपलं. पुढे फुलतात ती त्याच्या कुशीतली पिल्लं. तीन वर्षांत 12 इंची कुंडीत पिल्लांची इतकी दाटी होते की एकही नीट पोसत नाही.

म्हणून दोन-तीन वर्षांनी, जानेवारी-फेब्रुवारीत पानं पिवळी पडली की पाणी तोडावं आणि कुंडी उलटी करावी. कंद सुटे करून सावलीत सुकवावेत, महिना-दीड महिना हवेशीर जागी पसरून ठेवावेत. फुलून गेलेला कंद लगेच ओळखू येतो: माथ्यावर मधोमध वाळलेल्या दांड्याचा खुंट असतो. विकत घेतानाही हा खुंट बघाच, असे कंद सर्रास गळ्यात मारले जातात. 2 सेंटिमीटरहून जाड, दाबल्यावर टणक लागणारा कंद बहुधा त्याच वर्षी फुलतो. बारीक पिल्लं वेगळ्या कुंडीत वर्षभर पोसावी लागतात.

लागवड एप्रिल-मेमध्ये. 2 भाग माती, 1 भाग कुजलेलं शेणखत, 1 भाग जाडी वाळू. कुंडीत 4-5 कंद, 5 सेंटिमीटर खोल. कोंब वर येईपर्यंत नुसती ओल राखावी. ऊन किमान 6 तास हवंच. युरिया टाकू नये, पानंच वाढतात. साधारण तीन-साडेतीन महिन्यांत दांडा दिसतो.

पावसाळ्यात बुडाशी पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती बुरशीची कूज. ते झाड भोवतालच्या मातीसकट काढावं, खतखड्ड्यात मात्र टाकू नये. दाणे मातीत टिकून राहतात.

वासासाठी आणि वेणीसाठी सिंगल, म्हणजे एकेरी पाकळ्यांची जातच घ्यावी, 'प्रज्वल' किंवा 'फुले रजनी'. डबल, म्हणजे भरगच्च पाकळ्यांची जात फुलदाणीत शोभते, पण तिचा वास मंद.

निशिगंधाची माहिती पावसाळ्यात न छापता मार्चअखेर, लागवडीच्या तोंडावर द्यावी, ही विनंती.

– एक बागप्रेमी वाचक, सातारा