ब-१२ न तपासता फॉलिक अ‍ॅसिड नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साठी उलटलेल्या शाकाहारी माणसाला विसरायला होतं, तळपायाला मुंग्या येतात, अंधारात तोल जातो. ही लक्षणं ब-१२ जीवनसत्त्व कमी पडल्याचीही असू शकतात. घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात, नाहीतर औषधाच्या दुकानातून रक्तवाढीची गोळी आणतात. त्या गोळीत बहुधा लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असतं. घोळ होतो तो इथे.

आपल्या डीएनएवर मिथाइलच्या बारीक रासायनिक खुणा असतात. कुठलं जनुक चालू राहील नि कुठलं गप्प बसेल, हे बऱ्याच अंशी त्या ठरवतात. फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) हे मिथाइल आणतं, ब-१२ ते होमोसिस्टीन या अमिनो आम्लाच्या हाती देतं, त्याचं मेथिओनिन होतं आणि तिथून ते डीएनएपर्यंत नि मज्जातंतूंच्या वेष्टणापर्यंत जातं. ब-१२ कमी पडलं की फोलेट अडकून बसतं, होमोसिस्टीन साचतं. अशा वेळी वरून फॉलिक अ‍ॅसिड दिलं, तर रक्तपेशी पुन्हा नीट बनतात, हिमोग्लोबिन वाढतं, सगळे निर्धास्त होतात. मज्जातंतूंची झीज मात्र चालूच राहते, आणि फार उशीर झाला तर ती पुरती भरून येत नाही.

याचा अर्थ गरोदर बाईने फॉलिक अ‍ॅसिड सोडायचं असा मुळीच नाही! बाळाची मज्जानलिका (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू बनतो) गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत बरंचसं काम उरकलेलं असतं. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम, तेही निदान महिनाभर आधीपासून. सोबत ब-१२ पाहिलंच पाहिजे. पुण्यातल्या मातांच्या पोषणाच्या अभ्यासात (२००८) गरोदरपणी ब-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण सव्वादोन मायक्रोग्रॅम ब-१२ लागतं. पेलाभर दुधातून जेमतेम एक मिळतं. इडली किंवा स्पिरुलिनावर (शेवाळाच्या पुडीवर) ब-१२ साठी भिस्त ठेवू नये. मधुमेहावरची मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर ब-१२ दरवर्षी तपासावं, आणि तेही ब-१२ ची गोळी सुरू करण्याआधी. नंतर आकडा फुगलेला येतो. फोलेट पालेभाजीतून भरपूर मिळतं, पण जांभळी नाक्यावरून आणलेला पालक चिरून मग धुतला, उकळून पाणी ओतून दिलं, की त्यातलं निम्मं मोरीत जातं. आधी धुवा, मग चिरा, आणि ते पाणी आमटीत घाला.

ब-१२ चा आकडा मिलिलिटरमागे २०० ते ३०० पिकोग्रॅमच्या मधे अडकला तर डॉक्टर होमोसिस्टीनची तपासणी करायला सांगतात. हा रक्ताचा नमुना लगेच बर्फात ठेवून त्यातला द्रव तासाभरात पेशींपासून वेगळा करावा लागतो, कारण लाल पेशी नळीतही होमोसिस्टीन सोडत राहतात. घरोघरी फिरून घेतलेल्या नळ्या घोडबंदर रोडच्या कोंडीत दोन-तीन तास तशाच राहिल्या, तर धडधाकट माणसाचाही आकडा चढतो. ठाण्यातल्या प्रयोगशाळांनी या तपासणीच्या रिपोर्टवर रक्त घेतल्याची आणि ते वेगळं केल्याची, अशा दोन्ही वेळा छापाव्यात.

– आहारतज्ज्ञ, पाचपाखाडी, ठाणे