गेंड्या की सोंड्या?

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

‘माडाला भुंगा लागलाय’ एवढंच तू लिहिलंस. कोणता भुंगा, ते आधी बघ. औषध त्यावरच ठरतं.

गेंड्या भुंगा काळा, डोक्यावर शिंग, रात्री उडणारा. माड खातो तो भुंगा स्वतः. त्याची अळी जिवंत माडात नसतेच. ती शेणखताच्या खड्ड्यात नाहीतर कुजक्या ओंडक्यात तीन-चार महिने वाढते. पांढरट, वाकडी, सहा पायांची, म्हणून पुष्कळ जण तिला हुमणी समजून सोडून देतात. भुंगा शेंड्यातली सुई, म्हणजे न उमललेली कोवळी झावळी, पोखरतो, त्यामुळे झावळी उघडते ती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी. भोकाशी ओला चोथा दिसला तर तो अजून आत आहे. तारेच्या आकडीने ओढून काढ. मग वरच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यांत 250 ग्रॅम निंबोळी पेंडीची पूड तेवढ्याच वाळूत मिसळून भर. हे वर्षातून तीनदा. खड्ड्यातलं खत उपसून अळ्या वेचायच्या आणि अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळायची. खड्डा तसाच ठेवलास तर वर केलेलं सगळं फुकट.

सोंड्या तांबूस, पुढे लांब सोंडेचा. इथे नाश करते ती अळी, आणि तीही खोडाच्या आत. बिनपायाची, जाड अळी एक ते तीन महिने गाभा खाते आणि तिथेच धाग्यांचा कोश करते. बाहेर दिसतं ते तांबूस रस गळणारं बारीक भोक. खोडाला कान लाव, कुरतडल्याचा आवाज येतो. शेंडा कलला की माड वाचत नाही. पाच ते वीस वर्षांच्या माडांना याचा धोका जास्त. आखातातल्या खजुरांवर हाच किडा 1980च्या दशकात पोचला.

सोंड्याची मादी अंडी घालायला जखम शोधते, आणि गेंड्याने पाडलेली भोकं तिला आयतीच मिळतात. म्हणून गेंड्या दिसला की दिरंगाई नको. पाडेल्याला (माडावर चढून नारळ काढणाऱ्याला) खोडावर खाचा मारू देऊ नकोस. हिरवी झावळी तोडावीच लागली तर अडीच-तीन हात देठ राख.

मेलेला माड मात्र लगेच तोडून, फोडून जाळ. पडून राहिला तर आधी त्यातून सोंडे निघतील, आणि कुजला की गेंड्या त्यातच अंडी घालील.

भोक शेंड्यात आहे की खोडात, तेवढं उलट टपाली कळव.

तुझा,
विनू