काउबॉय हवा, पण कोणता?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत सोलापूरच्या रखडलेल्या प्रश्नांविषयी आलेला लेख लक्षपूर्वक वाचला. उजनीत पाणी असूनही नळाला ते चार-चार दिवस न येणे, यंत्रमागाच्या धंद्याला लागलेली उतरती कळा, शिकलेल्या मुलांनी पुण्याची वाट धरणे, यांविषयी लेखकाने जे लिहिले आहे त्याच्याशी कोणीही सोलापूरकर सहमत होईल. मात्र लेखाच्या अखेरीस शहराला आता इंग्रजी चित्रपटांतल्यासारखा एखादा काउबॉय हवा, जो कोणाला न विचारता येईल, चार दिवसांत सगळ्यांना सरळ करील आणि घोड्यावर बसून निघून जाईल, अशी जी इच्छा व्यक्त झाली आहे, तिच्याबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. उपमा गमतीने दिली असेलही. परंतु निवडणुकीच्या दिवसांत चौकाचौकांत लागणारे फलक पाहिले तर ‘डॅशिंग’, ‘कार्यसम्राट’, ‘ढाण्या वाघ’ ही विशेषणे त्याच इच्छेची मराठी रूपे आहेत, आणि म्हणून ती गमतीवारी सोडून देणे मला जमले नाही.

काउबॉय म्हणजे खरे तर गुराखी. चित्रपटांतले हे नायक बहुधा मार्शल किंवा शेरीफ असतात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या शब्दांत फौजदार. माझ्या विद्यार्थिदशेत, सत्तरच्या दशकात, असे चित्रपट मॉर्निंग शोला लागत आणि त्यांतले संवाद आम्हाला ओ की ठो कळत नसत. घोडे, धूळ आणि पिस्तूल एवढेच कळे. निवृत्तीनंतर तेच चित्रपट नातवाच्या लॅपटॉपवर उपशीर्षकांसह पाहिले, तेव्हा ध्यानात आले की ज्यांना आपण एकाच मुशीतले समजत होतो ते नायक एकमेकांशी कडाडून भांडत आहेत, आणि त्यांच्या भांडणाचा विषय गाव हा आहे. गावातल्या साध्या माणसांवर विश्वास ठेवायचा की नाही, त्यांना काही मागायचे की नाही, यावर त्यांचे एकमत नाही.

‘हाय नून’ हा १९५२ चा, फ्रेड झिनेमान यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट घ्या. हॅडलीव्हिल या लहानशा गावाचा मार्शल विल केन याचे त्याच सकाळी लग्न झाले आहे आणि तो नोकरी सोडून निघाला आहे. तेवढ्यात बातमी येते की त्याने पकडून दिलेला खुनी फ्रँक मिलर माफी मिळून सुटला असून दुपारी बाराच्या गाडीने गावात येतो आहे. मिलरचे तीन साथीदार स्टेशनवर येऊन बसले आहेत. गॅरी कूपरने रंगवलेला हा केन पळून जात नाही. पण तो एकट्याने लढायलाही निघत नाही, हे आपण विसरतो. तो दारोदार फिरतो. पाऊण-एक तास माणसे मागण्यात जातो आणि भिंतीवरची घड्याळे पुढे सरकत राहतात. ज्या न्यायाधीशाने मिलरला शिक्षा ठोठावली, तोच राष्ट्रध्वजाची घडी घालून आणि न्यायाचा तराजू पिशवीत भरून सर्वांच्या आधी गाव सोडतो. हाताखालच्या तरुणाला केनची जागा हवी असते, तिची शिफारस होत नाही म्हणून तो बिल्ला काढून ठेवतो. हॉटेलचा कारकून सांगतो की मिलर गावात होता तेव्हा धंदा बरा चालत होता. एक मित्र घरातच दडून बसतो आणि घरी नसल्याचे सांगायला बायकोला दारात पाठवतो.

चर्चमधला प्रसंग तर आपल्या प्रत्येक सभागृहात दाखवावा असा आहे. पोरांना बाहेर पाठवून मोठी माणसे चर्चेला बसतात, आणि चर्चा अगदी सभ्यपणे, प्रत्येकाला बोलायची संधी देत चालते. आम्ही मार्शलसाठी पैसे मोजतो, मग हे काम आमचे कसे, असे एकाचे म्हणणे. हे मिलरचे आणि केनचे खासगी वैर आहे, असे दुसऱ्याचे. अखेर गावातला सर्वांत वजनदार माणूस उठतो, केनची तोंडभर स्तुती करतो आणि त्याच दमात सांगतो की उत्तरेकडची पैसेवाली मंडळी इथे दुकाने आणि कारखाने काढण्याच्या विचारात आहेत, रस्त्यावर रक्त सांडले तर ती येणार नाहीत, तेव्हा केनने निघून जावे हेच सर्वांच्या हिताचे. विकासाचे नाव घेऊन गुंडाशी जमवून घेण्याचा सल्ला इतक्या गोड भाषेत क्वचितच कोणी दिला असेल, निदान पडद्यावर तरी.

इथे मला स्वतःचीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी मिरवणुकांतल्या डीजेच्या आवाजाविरुद्ध अर्ज तयार केला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, हे सगळे त्यांनी टाचणे लावून जोडले होते. सह्यांसाठी ते घरोघर गेले. सगळ्यांना त्रास होत होता, तान्ह्या बाळांच्या आयांना तर फारच. पण उत्तर एकच मिळे: ‘तुम्ही पुढे व्हा काका, आम्ही आहोतच मागे.’ कोणाचा भाचा मंडळात होता, कोणाचे दुकान त्याच रस्त्यावर होते. ते आमच्या दारात आले तेव्हा मी आतल्या खोलीत होतो, आणि आमच्या सौभाग्यवतींनी मी बाजारात गेल्याचे सांगितले. ‘हाय नून’मधला तो दडून बसलेला मित्र पाहताना नातवाने विचारले, आजोबा, हा माणूस इतका घाबरतो कशाला? मी पाणी प्यायला उठलो.

हा चित्रपट अमेरिकेत सहजासहजी पचला नाही. त्याचे पटकथाकार कार्ल फोरमन यांना चित्रीकरण चालू असतानाच, १९५१ मध्ये, कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीने बोलावले होते. सहकाऱ्यांची नावे सांगायला त्यांनी नकार दिला आणि पुढे त्यांना इंग्लंडला जावे लागले. गावातल्या पळपुट्यांमध्ये हॉलिवूडने स्वतःचा चेहरा ओळखला, आणि तो आवडण्यासारखा नव्हता. काउबॉयच्या भूमिकांसाठी गाजलेला नट जॉन वेन तर १९७१ पर्यंत धुमसत होता. त्या वर्षीच्या एका मुलाखतीत त्याने हा चित्रपट अमेरिकाविरोधी ठरवला आणि फोरमन यांना देशाबाहेर घालवण्यात आपला हात असल्याचा खेद नाही, असेही सांगितले. गंमत अशी की कूपरला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले तेव्हा तो समारंभाला नव्हता आणि त्याच्या वतीने ते स्वीकारले जॉन वेननेच. कूपर स्वतः रिपब्लिकन पक्षाचा, उजव्या विचारांचा. तरीही फोरमन यांच्या बाजूने बोलला. त्यामुळे या वादाला सरळ डाव्या-उजव्याचे लेबल लावता येत नाही.

वेन आणि दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी १९५९ मध्ये ‘रिओ ब्राव्हो’ काढून उत्तर दिले. इथला शेरीफ चान्स, म्हणजे वेनच, एका श्रीमंत जमीनदाराच्या खुनी भावाला कोठडीत ठेवून वरिष्ठ मार्शलची वाट पाहतो आहे. मित्र आपली माणसे देऊ करतो, तेव्हा चान्स नकार देतो. बायकापोरांची चिंता करणारे हौशी लोक त्याला नकोत, कारण लढणे हे ज्याचे काम आहे त्यानेच ते करावे. या भूमिकेत तथ्य आहे, हे मी मान्य करतो. घरच्या माणसांचा जीव धोक्यात घालू नये असे वाटणाऱ्या फौजदाराला उद्धट म्हणता येणार नाही. परंतु चित्रपट नीट पाहिला तर दिसते की चान्सला पावलोपावली वाचवतात ती माणसे म्हणजे दारूच्या आहारी गेलेला एक साहाय्यक, लंगडणारा एक म्हातारा, मिसरूड फुटलेला एक पोरगा आणि जुगाराच्या टेबलावरची एक बाई. न मागता मिळालेली ही मदत शेरीफच्या हिशेबात कुठेच धरलेली नाही. माझ्या मते आजच्या राजकारणातला बलदंड पुढारी या चान्सच्या घराण्यातला आहे, फक्त त्याच्याकडे चान्सचा साधेपणा नाही. त्याच्या विजयामागे शेकडो कार्यकर्त्यांचे पाय झिजलेले असतात, आणि फलकावर चेहरा एकट्याचा असतो.

हा रोग आपलाच नाही. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांनी १९७२ मध्ये ओरियाना फालाची या इटालियन पत्रकार महिलेला सांगून टाकले की लोकांना काफिल्यापुढे एकटाच घोड्यावरून जाणारा काउबॉय आवडतो आणि आपलेही तसेच आहे. पुढे त्या मुलाखतीचा त्यांना फार पश्चात्ताप झाला. २००१ मध्ये अध्यक्ष बुश ओसामा बिन लादेनविषयी बोलताना पश्चिमेकडच्या जुन्या पोस्टरची, जिवंत अथवा मृत हवा असल्याची, भाषा वापरून गेले. याउलट पोलंडमध्ये ४ जून १९८९ च्या निवडणुकीसाठी सॉलिडॅरिटी या कामगार चळवळीच्या बाजूने जे भित्तिपत्रक लागले, त्यावर ‘हाय नून’मधलाच गॅरी कूपर होता. छातीवर चळवळीचा बिल्ला आणि पिस्तुलाच्या जागी हातात मतपत्रिका. केनला हॅडलीव्हिलमध्ये जे मिळाले नाही ते त्या चित्राने मतदारांकडे मागितले, आणि ते मिळाले. सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा सॉलिडॅरिटीने जिंकल्या.

सर्जिओ लिओने यांच्या इटालियन चित्रपटांतला बिननावाचा नायक, म्हणजे पोंचो पांघरलेला क्लिंट ईस्टवुड, याच्याबद्दल फार लिहावे असे नाही. १९६४ च्या पहिल्या चित्रपटात तो गावातल्या दोन टोळ्यांकडून आळीपाळीने पैसे घेतो. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा असूनही तो आपल्या परिचयाचा आहे.

जॉन फोर्ड यांच्या १९६२ च्या ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’चा उल्लेख मात्र आपल्यापुढे करायलाच हवा, कारण त्यात संपादक आहे; किंबहुना दोन संपादक आहेत. पहिला दारुडा, पण गुंडाच्या पराभवाची बातमी ठळक छापून मार खाणारा. दुसरा पुढच्या काळातला. कायद्याची पुस्तके घेऊन आलेला वकील स्टॉडर्ड हा लिबर्टी व्हॅलन्स नावाच्या गुंडाला मारणारा वीर म्हणून प्रसिद्ध होतो, गव्हर्नर होतो, सिनेटर होतो. प्रत्यक्षात गोळी अंधारातून झाडलेली असते ती टॉम डोनिफनने, म्हणजे पुन्हा जॉन वेनने, जो नंतर कफल्लक होऊन मरतो. म्हातारा सिनेटर हे सारे खरे सांगतो तेव्हा दुसरा संपादक टिपणे नष्ट करतो: दंतकथाच वस्तुस्थिती होऊन बसली असेल तर दंतकथा छापायची. या चित्रपटातले मला सर्वांत जास्त टोचलेले दृश्य शाळेतले आहे. डोनिफनचा काळा नोकर पॉम्पी स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणताना नेमका सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, या वाक्यापाशी अडतो आणि स्टॉडर्ड म्हणतो की हे वाक्य पुष्कळजण विसरतात. त्याच गावात सभा भरते, प्रतिनिधी निवडले जातात, आणि पॉम्पी दाराबाहेर बसलेला असतो.

संपादक महोदय, ज्या शहराच्या चौकाला चार हुतात्म्यांचे नाव आहे त्या शहराने तरी एकट्या वीराची वाट पाहावी, हे मला विपरीत वाटते. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर इथे हरताळ झाला, ८ मे रोजी गोळीबार झाला, आणि नंतरचे दोन-तीन दिवस इंग्रजी अंमल शहरातून उठल्यासारखा झाला. त्यात जाळपोळ झाली, पोलीसही मारले गेले, हे झाकायचे कारण नाही. पण त्याच दिवसांत रस्त्यावरची व्यवस्था स्वयंसेवकांनी सांभाळली. १२ मे रोजी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, आला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. ही चार नावे आपण एका दमात घेतो, यातले मुख्य कोण असे आजवर कोणी विचारलेले मी ऐकले नाही.

आता मात्र सगळी रचनाच एका माणसाभोवती वळते आहे. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली, आणि प्रत्येक वेळी वाद झाला तो कोणत्या पक्षाला फायदा होईल याचा. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती आहे. तेवढीही माणसे पारावर जमत नाहीत, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेत सगळे ठराव बिनबोभाट मंजूर होतात. हॅडलीव्हिलच्या चर्चमध्ये निदान वाद तरी झाला होता.

लेखकमहाशयांनी काउबॉयला जरूर बोलवावे. तो केनसारखा निघाला तर पहिल्याच दिवशी त्यांच्या दारात उभा राहील. आमच्या गल्लीतले ते गृहस्थ गेल्या दिवाळीनंतर मुलाकडे पुण्याला कायमचे राहायला गेले. जाण्यापूर्वी त्यांनी डीजेच्या अर्जाची एक प्रत, रागाचा एक शब्दही न काढता, माझ्याकडे ठेवायला दिली. त्यावर अकरा सह्या आहेत. माझी त्यात नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर